एचटीएमएलचं पहिलं पुस्तक आणि बीबीची गाडी

पहिलं पुस्तक कोणतं घ्यावं, असं मला आजवर जितक्या लोकांनी विचारलं, त्यातल्या निम्म्यांनी जरी उत्तर ऐकून घेतलं असतं, तरी हा लेख लिहायची वेळ आली नसती. विचारायचं मला आणि घ्यायचं भलतंच, ही आमच्याकडची रीत. दिवाळी अंकात गोडधोड लिहायचं असतं, एवढं मलाही कळतं. पण संपादक म्हणाले, नोकरीबद्दल मनापासून लिहा. माझ्या मनात सध्या राग आहे. तर तोच घ्या.

मी मूळची डोणगावची. बुलढाण्याच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर कॉम्प्युटर शिकवण्यात माझी उमर गेली. तासिका तत्त्व म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढ्याचाच मोबदला, सुट्टीचा नाही, आजारपणाचा नाही, आणि दर जूनमध्ये नव्यानं अर्ज. पोरं मॅडम म्हणतात, शिपाई मॅडम म्हणतो, फक्त बैठकीत खुर्ची दाराजवळची मिळते. यंदा मी अर्ज केला नाही. त्यामुळे तोंड उघडायला मोकळी आहे.

मी शिकवायचे ते एचटीएमएल. नाव ऐकून पान उलटू नका, गोष्ट साधी आहे. आमच्या घरी अडतीचं दुकान होतं. आलेल्या प्रत्येक पोत्यावर रंगानं खूण केलेली असायची. हमाल काही पोतं सोडून आत तूर आहे की सोयाबीन हे बघत बसायचा नाही. खूण बघायची, त्या थप्पीला पोतं लावायचं आणि दुसरं उचलायचं. तुम्ही मोबाइलवर जे पान वाचता त्याचंही तसंच आहे. मजकूर हा माल, आणि एचटीएमएल म्हणजे त्यावरच्या खुणा. हा मथळा, हा परिच्छेद, हा तक्ता, असं मजकुराच्या दोन्ही बाजूंना खूण करून सांगायचं. ब्राउझर नावाचा हमाल त्या खुणा बघून पान रचतो. खुणेला आम्ही टॅग म्हणतो. एक सुरू करायचा, एक बंद करायचा. बंद करायला विसरलात तर पुढचा सगळा माल त्याच थप्पीला जातो. संपलं. बाकी सगळं सवयीचं काम आहे.

एवढ्या साध्या गोष्टीचं पहिलं पुस्तक निवडताना मी भल्याभल्यांची फजिती पाहिली. डोणगावकडचे एक बागायतदार काका मुलाला घेऊन आले होते. पोराचा आमच्याकडे प्रवेश झालेला, आणि पुस्तक काकांनी आधीच आणलेलं, दोन्ही हातांनी धरावं लागेल असं. मी विचारलं, हेच का घेतलं? तर म्हणाले, दुकानात याच्याहून जाड नव्हतं. पोरानं ते उघडलंच नाही असं मी म्हणणार नाही. उघडलं, अमेरिकेत कोणत्या खात्यानं इंटरनेट कसं सुरू केलं ते पहिल्या प्रकरणात वाचलं, आणि मिटलं. जाड पुस्तकात सगळं असतं हे खरंच आहे. पण ज्याला अजून काहीच येत नाही, त्याला सगळं देऊन करायचं काय? काकांवर मात्र माझा राग नाही. त्यांना कोणी सांगितलेलंच नव्हतं. राग आहे तो ज्यांना सांगितलं होतं त्यांच्यावर.

मी पुस्तक कसं निवडायचे ते ऐका. दुकानात उभ्या उभ्या मधलंच एखादं पान उघडायचं आणि त्यावरचा नमुना कागदावर उतरवून घ्यायचा. दुकानदार तोंड वाकडं करायचा, पण बाईमाणूस म्हणून बोलायचा नाही. घरी येऊन तो नमुना जसाच्या तसा टाइप करायचा. चालला, तर समजायचं की लिहिणाऱ्यानं स्वतः करून पाहिलंय. नाही चालला, तर त्यानं दुसऱ्याच्या पुस्तकातून उचललंय आणि उचलताना अर्धं सांडलंय. मग बघायचं, वाचणाऱ्याला स्वतःचं काही करायला कधी मिळतं. माझं म्हणणं, पहिला धडा संपायच्या आत पोराला स्वतःचं नाव पडद्यावर दिसलं पाहिजे. ते दिसलं की त्याचा चेहरा कसा होतो ते मी पाहिलंय, म्हणून सांगते. चूक केली तर काय दिसेल हे ज्या पुस्तकात दिलंय ते चांगलं पुस्तक, कारण सुरुवातीला पोरं दुसरं काही करतच नाहीत. आणि नट्टापट्टा शेवटी. पोत्यावर खूण करणं वेगळं आणि पोत्याला गोंडे लावणं वेगळं. रंग, आकार ही सजावट आता वेगळ्या भाषेत लिहितात. जुन्या पुस्तकांत ती खुणांमध्येच कोंबलेली असायची. तसलं पुस्तक दिसलं की मी खाली ठेवून द्यायचे.

आता कोणी म्हणेल, पुस्तकाचं काय घेऊन बसलात, मोबाइलवर व्हिडिओ पडलेत ढिगानं. पडलेत ना. मीही पाहते. व्हिडिओ पाहताना मान डोलते, हात चालत नाही. आणि हल्ली तर म्हणे यंत्राला सांगितलं की तेच आख्खं पान लिहून देतं. देऊ द्या. त्यानं दिलेलं बरोबर आहे की चूक, हे कळायला तरी कुठूनतरी सुरुवात करावीच लागते.

माझ्या कसोटीला उतरलेलं एक पातळ पुस्तक मला सापडलं होतं. नाव सांगत नाही, मला कोणाची जाहिरात करायची नाही. सोपं इंग्रजी, मोठी अक्षरं, आणि दर धड्याला ‘आता तुमच्या घरातलं काहीतरी घ्या आणि करा’ असं सांगणारं. पुस्तक निवडीच्या बैठकीत मी ते विभागप्रमुखांपुढे ठेवलं. त्यांनी चाळलं, छान आहे म्हणाले, आणि बॅगेतून गाइड काढलं.

या गाइडाबद्दल सांगितलंच पाहिजे. ते लिहिणारे सर शेजारच्या जिल्ह्यातल्या एका कॉलेजात होते. मी त्यांना गाइडकार म्हणते, तेवढंच पुरे. आमच्या प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरचे परीक्षक म्हणून तेच यायचे. त्यामुळे त्यांच्या गाइडातून घोकलेली पोरं पास व्हायची, आणि पोरं पास होतात म्हणून गाइड उत्तम ठरायचं. मी म्हटलं, सर, यातल्या निम्म्या खुणा जगानं कधीच मोडीत काढल्यात. पळणाऱ्या अक्षरांना तर आख्खं प्रकरण दिलंय. आमच्या भागाला या पळणाऱ्या अक्षरांचं भारी वेड. कोणत्याही शाळेचं पान उघडा, ‘हार्दिक स्वागत’ उजवीकडून डावीकडे धावत असतं. कोणाच्या मागे लागलेलं असतं देव जाणे. विभागप्रमुख शांतपणे म्हणाले, "मॅडम, परीक्षेत हेच येते. जे परीक्षेत येत नाही ते शिकवून पोरायचं नुकसान काऊन करता?"

आणि मग जर्नल. बाहेरच्या लोकांना हे खरं वाटत नाही, पण आमच्याकडे कॉम्प्युटर वहीत शिकतात. टॅग लाल शाईनं लिहायचे, मजकूर निळ्या शाईनं. समोरच्या कोऱ्या पानावर पट्टी-पेन्सिल घेऊन कॉम्प्युटरचा पडदा काढायचा, आणि त्या चौकटीत पान कसं दिसेल ते रेखाटायचं. शेडिंग केलं तर सर खूश. पळणारी अक्षरं पेन्सिलीनं कशी पळवायची, असं एकानं मला विचारलं होतं. पुढे बाण काढ म्हटलं. काय सांगणार? ज्याचं अक्षर मोत्यासारखं त्याचं एचटीएमएल चांगलं, असा आमच्या विभागाचा समज. गाइड याच कामासाठी बेतलेलं होतं. त्यातला प्रत्येक नमुना जर्नलच्या एका पानात बरोब्बर बसायचा.

मी दोन्ही शिकवायचे. गाइड परीक्षेसाठी आणि पातळ पुस्तक पोटासाठी, असं पोरांना उघड सांगायचे. पातळ पुस्तकाची माझी प्रत लॅबच्या टेबलावर पडलेली असायची. बहुतेक पोरं तिकडे ढुंकून बघायची नाहीत. बघायची ती प्रज्ञा.

प्रज्ञा लोणारकडच्या बीबी गावची. वडील मालवाहू ऑटो चालवतात, आई अंगणवाडीत मदतनीस. बुलढाण्यात ती मुलींच्या एका वसतिगृहात राहायची. त्या वसतिगृहाचा नियम असा की सगळ्या विषयांत पास असाल तरच पुढच्या वर्षी जागा. बीबी काही जवळ नाही. त्या वाटेला रेल्वे नाही, जे काही आहे ते एसटीच्या भरवशावर. म्हणजे वसतिगृह असेल तर प्रज्ञाचं कॉलेज, नाही तर नाही. हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

पोरगी बोलायची कमी आणि विचारायची फार. टॅग बंद केला नाही तर काय होते, असं विचारून थांबायची नाही, मुद्दाम उघडा ठेवून बघायची. पातळ पुस्तकात तक्त्याचा धडा आला आणि खाली ते नेहमीचं ‘तुमच्या घरातलं काहीतरी घ्या’ आलं. मी म्हटलं, जे माणसांना रोज लागतं त्याचं पान करा. शनिवारी ती गावी गेली, सोमवारी आली आणि बीबीच्या स्टँडवरच्या गाड्यांचा तक्ता करून मोकळी झाली. स्टँडवरच्या फळ्यावरच्या वेळा तिनं घेतल्या नव्हत्या. त्या फळा रंगवला तेव्हाच्या, जुन्या होत्या. ही स्टँडवर बसून ड्रायव्हरला विचारायची, कंडक्टरला विचारायची, चहाच्या हॉटेलवाल्याला विचारायची, आणि तिघांचं जुळलं तरच वेळ लिहायची. गाडी कुठून येते, कुठे जाते, किती वाजता, हे रकाने कोणीही केले असते. हिनं शेवटी आणखी एक रकाना केला होता. त्याचं नाव ‘भरोसा’. लांबच्या गाड्यांपुढे लिहिलं होतं, ‘भरलेली असली तर थांबत नाही’. सकाळच्या गाडीपुढे, ‘शाळा असली तरच’. सगळ्या तक्त्यात ‘नक्की’ फक्त एका गाडीपुढे होतं, बुलढाण्याहून थेट येणाऱ्या संध्याकाळच्या गाडीपुढे.

मी खूप वर्षं शिकवलं. त्या रकान्यानं मला जेवढा आनंद दिला तेवढा दुसऱ्या कशानं दिला नाही. खुणा करायला कोणीही शिकतं. मालात काय आहे हे बघायला शिकवता येत नाही, आणि ही ते घरूनच शिकून आली होती.

परीक्षा आली, गाइडकार आले. प्रज्ञाला चिठ्ठीत प्रश्न निघाला, ‘आवडीच्या विषयावर तक्ता असलेलं पान तयार करा’. गाइडात या प्रश्नाचं उत्तर सोडवून दिलेलं होतं. त्यात आवडीचा विषय होता टपाल तिकिटांचा संग्रह. देश, तिकिटाचा रंग, तिकिटावरचं चित्र, असा तक्ता. त्यामुळे हा प्रश्न ज्याला ज्याला निघायचा त्याचा त्याचा आवडता विषय टपाल तिकिटं. दरवर्षी. चिखलीचं पोरगं असो की लोणारचं, सगळे तिकिटं जमवणारे. त्यातल्या एकानंही आयुष्यात पाकिटावर तिकीट चिकटवलं नसेल. प्रज्ञानं बीबीच्या गाड्यांचं पान केलं.

गाइडकार तिच्या मशिनपाशी आले, शेजारी गाइड उघडून ठेवलं, पडद्याकडे पाहिलं, पुस्तकाकडे पाहिलं.

"हे कुठून आणलं?"

"बीबीच्या स्टँडवरून, सर."

"पुस्तकात कुठाय हे?"

"पुस्तकात नाही, सर. प्रश्नात आवडीचा विषय म्हणलं हाये."

"मग टपाल तिकिटं का घेतली नाहीत? सगळ्यांनी घेतली."

"सर, मी ते तिकिटं कधी पाह्यलेच नाही. गाड्या पाह्यल्या हायेत."

मला राहवलं नाही. मी मध्ये पडले. प्रश्नाप्रमाणे पान बरोबर आहे, एक खूण चुकलेली दाखवा, असं म्हटलं. गाइडकार अगदी गोड आवाजात म्हणाले की आवड म्हणून उद्या कोणी लग्नपत्रिका करेल, मूल्यमापनाला काही आधार हवा की नको? एवढं बोलून त्यांनी खिशातून मोबाइल काढला, प्रज्ञाच्या पडद्याचे फोटो घेतले, टॅग लिहिलेला भागही उघडायला लावून त्याचाही फोटो घेतला. मला वाटलं, चला, निदान कुतूहल तरी आहे माणसाला. माझ्या भाबडेपणाला तोड नाही.

प्रज्ञा प्रात्यक्षिकात नापास झाली. बाकीच्या सगळ्या विषयांत पास, आणि जो विषय तिला वर्गात सगळ्यांत चांगला येत होता त्यात नापास. मी तरातरा विभागप्रमुखांकडे गेले. गुणांवर त्यांचीही सही होती. ते म्हणाले, बाहेरच्या परीक्षकाच्या कामात आपण हात घालत नाही, आणि मॅडम, तुम्ही तुमच्या तासाचं बघा. एक विषय राहिला म्हणून काही कॉलेज बंद होत नाही, हिवाळ्यात पुन्हा देईल. कॉलेज नव्हतं बंद होत. वसतिगृह बंद झालं. जूनच्या यादीत प्रज्ञाचं नाव नव्हतं.

ती जाणं-येणं करू लागली. सकाळी मिळेल त्या गाडीनं, बदलत बदलत, आणि परत जाताना ती संध्याकाळची थेट गाडी. प्रॅक्टिकल अर्धं टाकून पळायची. दसऱ्याच्या सुमारास ती गाडीही बंद झाली. का बंद झाली हे कोणी सांगत नाही, आपल्याकडे सांगायची पद्धत नाही. मग प्रॅक्टिकलच्या दिवशी ती माझ्याकडे मुक्कामाला राहू लागली. तिच्या वडिलांचा मला फोन आला. फार सरळ माणूस. म्हणाले, "मॅडम, तुमच्यावर तरी किती दिवस भार टाकाव? हिवाळ्यात पास झाली तं ठीक, होस्टेल भेटन. नाही तं मी हिले घरी घेऊन येतो. मंग जे होईन ते होईन."

हे सगळं चालू असताना गाइडाची सुधारित आवृत्ती आली. प्रकाशकाचा माणूस पेन सेट आणि डायरीसह एक प्रत विभागात ठेवून गेला. विभागप्रमुखांनी मला मुद्दाम बोलावून दाखवली, म्हणाले, तुमची तक्रार होती ना जुनं आहे म्हणून, बघा आता. मी चाळत चाळत तक्त्याच्या प्रश्नापाशी आले. टपाल तिकिटं गेली होती. त्या जागी ‘ग्रामीण भागातील बस वेळापत्रक’ होतं. बीबीचं. प्रज्ञाचं आख्खं पान, गाड्या त्याच, वेळा त्याच, खुणा त्याच, तिच्या ओळी सोडायच्या सवयीसकट. शेवटचा रकानासुद्धा, ‘भरोसा’. वर लिहिलं होतं, लेखकाने तयार केलेले नवीन प्रात्यक्षिक.

मी ती प्रत घरी आणली. प्रज्ञा त्या दिवशी माझ्याकडेच होती. तिनं पान उघडून कितीतरी वेळ बघितलं, आणि तिला आनंद झाला, हे मला सगळ्यांत जास्त लागलं. मॅडम, माह्यं पान पुस्तकात आलं, असं म्हणून ती हसली. मग पहिलं पान उलटून बघितलं, शेवटचं बघितलं, आणि पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं. नाव कुठेच नव्हतं.

थोड्याच दिवसांत गाइडकार आमच्याकडे व्याख्यानाला आले. विषय होता ‘सर्जनशीलता’. मी चहाच्या वेळी गाठलं त्यांना, चारचौघांत. म्हटलं, सर, बीबीच्या गाड्यांचं पान आमच्या प्रज्ञाचं आहे, पुढच्या छपाईत तिचं नाव टाका. मला वाटलं होतं, नाकबूल करतील, चिडतील. ते चिडले नाहीत. बिस्किट चहात बुडवत म्हणाले, "अहो मॅडम, ती मुलगी या विषयात नापास आहे. नापास मुलीचं नाव पाठ्यपुस्तकात कसं घालणार? पुस्तकाची काही पत आहे की नाही?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी विचारलं, नापास मुलीचं पान चालतं आणि नाव चालत नाही, हे कोणतं मूल्यमापन? पण तोवर विभागप्रमुखांनी मला बाजूला घेतलं होतं. ते एवढंच म्हणाले, "तुमचा अर्ज जूनमध्ये असते ना, मॅडम?" बाकीचे प्राध्यापक चहाच्या कपात बघत होते. असा एकही कप मी आजवर पाहिला नाही ज्यात एवढं बघण्यासारखं असेल.

हिवाळी परीक्षेला परीक्षक दुसरे होते. तरुण, नवखे, पहिल्यांदाच आलेले. वाईट माणूस नव्हता, हे मी मुद्दाम सांगते. त्यांच्या हातातही गाइडच होतं, नवीन आवृत्ती. प्रश्न तिच्यातूनच निघणार हे उघड होतं, आणि प्रज्ञाच्या वाट्याला तोच आला. बस वेळापत्रकाचं पान तयार करा. मी मागे उभी होते. मला मनातल्या मनात हसू फुटलं. म्हटलं, घ्या आता.

प्रज्ञानं पान केलं. बघून लिहायची तिला गरजच नव्हती. पूर्ण झाल्यावर परीक्षक आले, त्यांनी पुस्तक शेजारी ठेवलं आणि एकेका ओळीवरून बोट फिरवायला लागले. शेवटी बोट थांबलं.

"एक गाडी कमी आहे. संध्याकाळची, बुलढाण्याहून येणारी."

"ते गाडी बंद झाली, सर."

"पण पुस्तकात आहे."

"पुस्तक लिहिलं तवा चालू होती. दसऱ्यापासून बंद हाये. मीच जात होती त्या गाडीनं."

परीक्षक गोंधळले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पुस्तकाकडे पाहिलं. मी म्हटलं, ती सांगते ते खरं आहे, स्टँडवर फोन करून विचारा. ते म्हणाले, मॅडम, मला पटतंय, पण तपासायला मला हेच दिलंय. वर कोणी पडताळलं तर मी काय दाखवू? मग तिच्याकडे वळून अगदी समजुतीनं बोलले, एका ओळीचा तर प्रश्न आहे, टाक ती ओळ, मी लगेच पास करतो.

प्रज्ञा मांडीवर हात ठेवून बसली होती. वडिलांचा फोन तिलाही माहीत होता आणि मलाही. मी बोलायला तोंड उघडलं, पण काय बोलायचं होतं ते मला अजूनही सांगता येणार नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. तिनं तक्त्यात एक ओळ वाढवली. गाडी लिहिली, वेळ लिहिली. शेवटच्या रकान्याशी ती जरा थांबली. परीक्षकांनी पुस्तकातल्या त्या जागी बोट ठेवलं. तिनं टाइप केलं, ‘नक्की’. परीक्षकांनी बरोबरची खूण केली आणि पुढच्या मशिनकडे गेले.

बाहेर व्हरांड्यात मी बडबडत होते. गाइडकारांना, विभागप्रमुखांना, त्या नवख्या परीक्षकाला, एसटीला, जो आठवेल त्याला. प्रज्ञा दप्तर आवरत होती. शेवटी म्हणाली, "मॅडम, तुमी काऊन एवढ्या तापून राह्यल्या? एक ओळच तं होती. पास झाली ना मी."

पास झाली. वसतिगृहात एक जागा रिकामी होती, ती तिला मिळाली. वडिलांनी मला फोन करून आभार मानले, मोठ्या मनानं मानले. कोणाचंही काही वाईट झालं नाही, असं विभागप्रमुख म्हणतात, आणि कागदावर ते खरंच आहे. मी जूनची वाट पाहिली, आणि जून आल्यावर अर्ज केला नाही. माझ्या जागी जो मुलगा आलाय तो गाइड शिकवतो. मला त्याचं नवल वाटत नाही, त्यालाही जून आहेच.

प्रज्ञा आता दुसरं वर्ष संपवून वर्गात पहिली आली. तिचं जर्नल विभागाच्या काचेच्या कपाटात ठेवलंय, कोणी पाहुणे आले की काढून दाखवतात. लाल टॅग, निळा मजकूर, पेन्सिलीचं शेडिंग. नमुनेदार आहे, मी पाहिलंय. एका खुणेची चूक नाही आणि गाइडात नाही असा एक शब्द नाही. मध्यंतरी एकदा तिला विचारलं होतं, स्वतःचं काही नवीन पान केलंस का? म्हणाली, अभ्यासक्रमात नाही, मॅडम.

लॅबच्या टेबलावरचं ते पातळ पुस्तक कॉलेज सोडताना मी घरी आणलं. ते कोणाला द्यावं हे मला अजून ठरवता आलेलं नाही. काही आई-बाप अजूनही घरी येतात, पोराला एचटीएमएल शिकायचंय, पहिलं पुस्तक कोणतं घेऊ विचारतात. मी आधी विचारते, पास व्हायचंय की शिकायचंय? ते हसतात, दोन्ही म्हणतात. मी त्यांना पातळ पुस्तकाचं नाव लिहून देते. ते जाताना स्टँडजवळच्या दुकानातून गाइड घेऊन जातात, हे मला पक्कं माहीत आहे.

निकालाच्या दिवशी प्रज्ञा पेढे घेऊन आली होती. नवा ड्रेस, चेहऱ्यावर तेज, बघून बरं वाटलं, खोटं का बोलू? पाया पडली. परवाच गावाहून आले म्हणाली, आई तुमची आठवण काढत होती म्हणाली. मी पेढा घेतला. सहज विचारलं की बीबीची ती संध्याकाळची गाडी पुन्हा चालू झाली का.

"माहीत नाही, मॅडम," ती म्हणाली. "मी नाही इचारलं कोणाले."